एझ्राभाऊंची लाखेची गोळी

सन १९५६, जानेवारीतला एक रविवार. रक्कम नऊ लिरा. हजर तिघे: यरुशलेममधल्या आमच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर हेलर, तिथले कंपौंडर एझ्राभाऊ आणि हिशेबाच्या खोलीतला कारकून म्हणून मी, बेनी. बाब: तीन ससे.

ससे प्रयोगशाळेचेच होते, पण वयानं उतरलेले, यादीतून काढायचे ठरलेले. एझ्राभाऊंना ते हवे होते. डॉक्टर हेलर जर्मनीतून आलेले, वस्तू फुकट देणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. दर सशामागे तीन लिरा त्यांनी सांगितले. एझ्राभाऊंनी नोटा टेबलावर ठेवल्या आणि मी पावती लिहायला घेतली.

"कशासाठी म्हणून लिहू?" मी मराठीत विचारलं.

"लिही, खाजगी."

"काय म्हणतो हा?" डॉक्टरांनी हिब्रूत विचारलं.

"हा मला विचारतो, ससे खाणार का," एझ्राभाऊंनी हिब्रूत सांगितलं. "मी म्हटलं, आपल्याला ससा मोशेच्या शास्त्रानं मना केलाय."

रेशनचे दिवस पुरते संपले नव्हते. मांस आठवड्यातून एकदा मिळायचं, तेही नावाला. डॉक्टर हेलर सहसा हसत नसत. त्या दिवशी हसले, एझ्राभाऊंचा खरा बेत ऐकून घेतला, आणि रिकाम्या कोठीतली एक मोरी आणि दोन पिंजरे एझ्राभाऊंना वापरायला दिले. कामाची वेळ संपल्यावर त्यांनी तिथं हवं ते करावं, मुदत संपलेल्या इन्शुलिनच्या बाटल्याही घ्याव्यात. मात्र सगळं वहीत लिहिलं गेलं पाहिजे, आणि लिहिणारा माणूस दुसरा असला पाहिजे. दुसरा माणूस म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं गेलं. इस्पितळात मराठी जाणणारे आम्ही दोघेच.

एझ्राभाऊ तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. पेणजवळच्या एका गावातले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. वडील शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे. एझ्राभाऊ पोरवयात मुंबईला गेले आणि डोंगरीच्या एका डिस्पेन्सरीत तीस वर्षं पुड्या बांधत राहिले. इस्रायलला आले ते १९५० साली, थोरल्या बहिणीला घेऊन. बहिणीचं नाव मिलकाबाय. विधवा, मूलबाळ नाही, आणि जुना मधुमेह. इथं आल्यावर दोन वर्षांत साखरेनं तिचे डोळे नेले. उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा कळायचा.

ती शहराच्या कडेला नव्या वस्तीत दोन खोल्यांत एकटी राहायची. एझ्राभाऊ तिथून पाऊण तासाच्या चालीवर, भाड्याच्या एका खोलीत. पहाटे पाचला उठून ते चालत जायचे, सुई उकळायचे, मिलकाबायला इन्शुलिन टोचायचे आणि सात वाजता इस्पितळात हजर व्हायचे. शब्बाथलाही, म्हणजे शनिवारच्या सुट्टीलाही, पावसातही. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही, मिलकाबायनं सांगितलं.

"तुम्ही दोघं एकत्र का राहत नाही?" मी एकदा विचारलं.

"एकत्र राहिलो तर दोघांतलं एक साखरेच्या आधी मरेल," मिलकाबाय म्हणाली. "हा ताट घासतो ना, तर तीनदा घासतो. आणि मला विचारतो, बाय, स्वच्छ झालं का? अरे, मी आंधळी!"

तिला स्वतःचं घर हवं होतं. लग्नानंतर सासरच्या खोलीत, मग दिराच्या खोलीत, मग बोटीवर, मग छावणीतल्या तंबूत, असं आयुष्य काढल्यावर ह्या दोन खोल्यांचं दार पहिल्यांदा तिचं झालं होतं. चुलीपासून खाटेपर्यंत किती पावलं, नळ किती फिरवायचा, मीठ कुठं, सगळं तिच्या हातापायांत बसलं होतं. पण सुई तिला भरता येत नव्हती. काचेच्या पिचकारीवरच्या बारीक रेघा डोळ्यांनीच मोजाव्या लागतात. दोन रेघा जास्त गेल्या तर माणूस बेशुद्ध पडतो.

आणि एझ्राभाऊंचा हात थरथरायला लागला होता.

ते कोणाला कळू नये म्हणून ते कोपर बरगडीला दाबून धरत. मी पाहिलं होतं, बोललो नव्हतो. वस्तीवर समाजकल्याणाची एक बाई यायची. तिनं मिलकाबायला सांगून ठेवलं होतं: भाऊ आहे तोवर ठीक, पुढं सोय नसेल तर हैफाकडच्या बेत-आवोतमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, तुमच्यासाठी जागा मागून ठेवते. दवाखान्याची नर्स वस्तीवर आठवड्यातून दोनदाच यायची, त्यामुळे त्या बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, मी शिकतो टोचायला.

"आज माझा हात, उद्या तुझा," एझ्राभाऊ म्हणाले. "तुला ताप आला तर? बस चुकली तर? बायचं घर कोणाच्या हातावर टांगलेलं नको. तिला गोळी पाहिजे. पाण्याबरोबर गिळायची, झालं."

इन्शुलिनची गोळी! जगातले मोठेमोठे लोक तीस वर्षं तिच्या मागं होते, हे त्यांनाही ठाऊक होतं. अडचण काय ते त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी समजावलं.

"इन्शुलिन म्हणजे प्रोटीन. पोटाला काय कळतं हे औषध आहे? त्याला वाटतं, ऑम्लेट आलं. पचवून मोकळं होतं. पोट म्हणजे जकातनाका, बेनी. नाक्यावरून माल न दाखवता पुढं न्यायचा आणि आतड्यात उतरवायचा. तिथं आणखी एक नाका आहे, तो नंतर बघू."

माल लपवायला त्यांच्याकडे लाख होती. डोंगरीच्या डिस्पेन्सरीत ते ज्या गोळ्या पोटात विरघळू द्यायच्या नसत, त्यांवर स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचा हात देत. पोटातल्या आंबटाला लाख दाद देत नाही, पुढं आतड्यात गेल्यावर सुटते. मुंबईहून येताना लोकांनी पितळेची भांडी आणली, कोणी पलंगाच्या गाद्या आणल्या. एझ्राभाऊंच्या ट्रंकेत पिवळ्या लाखेच्या पापुद्र्यांचा डबा होता. का आणला, विचारलं तर म्हणाले, "देश नवा, डबा भरलेला. टाकू कसा?"

काम असं चालायचं. इन्शुलिन वाळवून थोड्या तेलात घोटायचं. घोटताना ते फक्त डावीकडून उजवीकडे घोटत. वडिलांचा बैल तसा फिरायचा म्हणत. मग वाटाण्याहून लहान गोळी, तिच्यावर लाखेचे हात. कधी तीन, कधी पाच, कधी सात. गोळी सशाच्या जिभेमागं सारायची, चार तासांनी कानाच्या शिरेतून रक्त घ्यायचं आणि साखर मोजायची. आदल्या दिवशीची साखर आणि आजची साखर मी शेजारी शेजारी लिहायची. माझं मत ते कधी विचारत नसत. "आकडा लिही. मत शेजाऱ्याला दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सशांशी ते मराठीत बोलत. "चल, दादा, आ कर. आ! दाढ दुखते काय?" दिवसा पिंजरे झाडणारा मोरोक्कोचा माणूस तक्रार करायचा की हे ससे हिब्रू ऐकत नाहीत.

त्यांचा एक नियम होता: एका सशाचा कान एका दिवसात दोनदा टोचायचा नाही. "बायला मी दिवसातून एकदाच टोचतो. ह्यांनी काय घोडं मारलंय?" म्हणूनच गोळीआधीची साखर आदल्या दिवशी घ्यायची. मी तेव्हा ह्या नियमात काही खोट पाहिली नाही. चांगला नियम वाटला.

मे महिन्यापासून आकडे उतरू लागले. आधी एकशे पंधरा, गोळीनंतर ब्याऐंशी. आधी एकशे वीस, नंतर नव्वद. प्रत्येक वेळी नाही, पण पाच-सहा प्रयोगांत एकदा तरी. एझ्राभाऊंनी लाखेचे हात पाचवर आणून ठेवले. डॉक्टर हेलर एरवी त्या कोठीकडे फिरकत नसत, आता वही मागवून नेऊ लागले. सप्टेंबरात त्यांनी सांगितलं की तेल अवीवला डॉक्टरांची बैठक आहे, तिथं आपण हे मांडू. एझ्राभाऊंचं नाव आधी, आपलं नंतर. जर्मन माणूस असं सहज बोलत नाही.

त्याच आठवड्यात एझ्राभाऊंनी मिलकाबायला सांगितलं की पुढच्या वसंतातल्या पेसाहच्या सणापर्यंत तुझी सुई सुटेल. मी तिथं होतो. ती खाटेवर ताठ बसली.

"कशाचं असतं रे हे इन्शुलिन?"

एझ्राभाऊंनी पिचकारी पुसून डब्यात ठेवली. मग म्हणाले, "जनावराच्या पोटातल्या ग्रंथीचं."

"कुठल्या जनावराच्या?"

"काही बैलाचं. काही डुकराचं."

"आणि मला टोचतोस ते?"

"मिळेल ते."

"सहा वर्षं डुक्कर टोचतोस मला? एझ्रा!"

"टोचणं म्हणजे खाणं नव्हे, बाय. मी रब्बींना पहिल्याच महिन्यात विचारलं. जीव वाचवायला चालतं."

"मग गिळणं म्हणजे काय? गिळणं म्हणजे खाणंच की! सुई हातात असताना मी तोंडानं डुक्कर खाऊ? माझं नाव मिलका आहे, काहीही खाणाऱ्या तुझ्या त्या डॉक्टरचं नाही."

आम्ही दोघे उतरत असताना एझ्राभाऊ जिन्यातच थांबले. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "तोंडाचा कायदा वेगळा. हे मला सुचायला हवं होतं." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डुकराच्या बाटल्या वेगळ्या काढल्या आणि फक्त बैलाच्या वापरल्या. बाटल्या निम्म्या झाल्या. ते दिवसाआड प्रयोग करू लागले, पण मागं हटले नाहीत.

तेल अवीवच्या बैठकीसाठी मला वहीची स्वच्छ नक्कल करायची होती. मी हिशेबाचा माणूस. नुसती नक्कल मला जमत नाही, बेरजा तपासल्याशिवाय पान उलटत नाही. चांगले उतरलेले आकडे मी लाल पेन्सिलीनं वेगळे केले. अकरा होते. मग त्यांच्यापुढच्या तारखा पाहिल्या आणि कॅलेंडर काढलं.

अकराही रविवार होते.

मी दोनदा पाहिलं. सोमवार ते शुक्रवार एकही आकडा धड उतरला नव्हता. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळा बंद होते आणि रविवारी सकाळी उघडते. शुक्रवारी एझ्राभाऊ सशांना दोन दिवसांचा पाला एकदम घालून जायचे. ससा काही शब्बाथसाठी राखून ठेवत नाही, रात्रीतच सगळं फस्त करतो. रविवारचा पाला रक्त घेतल्यावरच पडायचा, म्हणजे तोवर ससे दीड दिवस उपाशी. आणि गोळीआधीची साखर आदल्या कामाच्या दिवसाची, म्हणजे शुक्रवारची, भरल्या पोटाची. साखर उतरत होती ती भुकेनं.

न सांगावं असंही मनात आलं, हे इथं लिहायला हवं. बैठक चार दिवसांवर होती. मिलकाबायनं शेजारणीला सांगून टाकलं होतं की पेसाहनंतर भाऊ पहाटे झोपेल. पण आकडा माझ्या हातचा होता.

मी वही त्यांच्यापुढं ठेवली आणि तारखांवरून बोट फिरवलं. त्यांना सांगावं लागलं नाही. अर्ध्या पानावर त्यांचं बोट थांबलं. कोपर बरगडीला दाबायचंही त्या वेळी विसरले, हात वहीच्या कडेवर थडथडत राहिला.

"रविवार," ते म्हणाले.

"हो."

"सगळे?"

"अकराच्या अकरा."

त्यांनी अकराही तारखा पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, "कदाचित गोळी उपाशी पोटीच लागू पडत असेल. तेही असू शकतं. ह्या रविवारी गोळी द्यायची नाही. नुसतं रक्त बघायचं. मग बोलू."

त्या रविवारी गोळी न देता तिन्ही सशांचं रक्त घेतलं. शुक्रवारी एकशे अठरा असलेला शहाऐंशीवर आला होता. बाकीचे दोघेही तसेच. वहीत तो आकडा त्यांनी मला लिहू दिला नाही. स्वतः पेन घेतलं आणि थरथरत्या अक्षरात लिहिलं: गोळीशिवाय. मग त्याच वहीसह डॉक्टर हेलरांच्या खोलीत गेले. मी दाराशी उभा होतो.

"मी शब्बाथ पाळला, डॉक्टर, आणि सशांनी उपास केला," ते म्हणाले. "बैठकीत काही सांगू नका."

डॉक्टर हेलरांनी वही पाहिली, चष्मा काढला. "मी तीन वेळा वाचली ही वही," ते म्हणाले. "मला का दिसलं नाही?"

"तुम्हीही रविवारी जेवूनखाऊन ताजे असता. सशांची भूक कशी दिसणार?"

माझी समजूत होती की इथं हे सगळं संपलं. पुढच्या शनिवारी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. एझ्राभाऊ प्रार्थनेला सिनेगॉगमध्ये जायच्या कपड्यांत, हातात गाजराच्या पाल्याची जुडी.

"चल. ससे जेवायचेत. लिहायचं नाही, मोजायचं नाही, फक्त घालून यायचं. आपल्याआधी जनावराला घालायचं, हे तर शास्त्रातच आहे. इतके दिवस मीच ते अर्धं पाळत होतो."

त्यानंतर दर शब्बाथला ते बहिणीकडून निघून पायी इस्पितळात यायचे. एका दिवसात कान दोनदा न टोचायचा नियम त्यांनी मोडला, आणि मोडताना सशाच्या कानाला खोबरेल लावलं. प्रयोग पहिल्यापासून सुरू झाले. आता आकडे खरे होते, आणि खरे आकडे उतरत नव्हते. लाखेचे हात तीन दिले तर पोट गोळी फोडायचं. सात दिले तर तिसऱ्या दिवशी गोळी पिंजऱ्याच्या तळाशी, गुळगुळीत, जशीच्या तशी सापडायची.

"बघ," ते मला चिमट्यात धरून दाखवत. "नाका चुकवला. पण माल गावात उतरलाच नाही."

असे वीस महिने. वहीत मी एकशे त्रेसष्ट प्रयोग लिहिले. थोडी आशा वाटावी असे त्यांत चार, आणि त्या चारांतही इतकं इन्शुलिन लागलं होतं की तेवढ्यात मिलकाबायला पंधरवडाभर टोचता आलं असतं. हा हिशेब मी त्यांना मांडून दाखवला. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "होईल," म्हणाले. "माझ्या हातून नाही तर दुसऱ्याच्या. पण बायला तेवढा वेळ नाही."

वेळ खरोखरच नव्हता. १९५८ च्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांची सुई मिलकाबायच्या दंडात तिरकी गेली आणि वाकली. दुसऱ्यांदा टोचावं लागलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"तुझा हात. मी आंधळी आहे, लाकूड नाही. दोन वर्षं मला कळतंय."

समाजकल्याणाच्या बाईनं हैफाचा कागद भरून आणला होता. सही नव्हती झाली. मिलकाबाय म्हणाली, अंगठा मागितलात तर चावेन.

गोळीसाठी लाखेची जाडी मोजायला एझ्राभाऊ एका घड्याळजीकडून बारीक काटा उसना आणत असत. हा घड्याळजी इराकचा, याफा रस्त्यावर बसणारा. त्या संध्याकाळी ते मला घेऊन त्याच्याकडे गेले आणि काचेची पिचकारी त्याच्यापुढं ठेवली. पिचकारीच्या दांड्यावर एक पितळी कडं बसवून दे, म्हणाले. अठ्ठावीस युनिटवर दांडा अडला पाहिजे. एक केसही पुढं ओढला जाता कामा नये, आणि अडताना बोटाला ठोका कळला पाहिजे.

घड्याळजीनं भिंगातून पाहिलं. "आंधळ्यासाठी?"

"आंधळीसाठी. हट्टी आहे. ठोका मोठा ठेव."

कडं तीनदा परत गेलं. पहिल्यांदा अर्धा युनिट जास्त येत होतं, दुसऱ्यांदा उकळत्या पाण्यात सैल झालं. तिसऱ्यांदा एझ्राभाऊंनी ते आमच्या कोठीत चाळीस वेळा उकळलं आणि प्रत्येक उकळीनंतर भरून मोजलं. मी चाळीस आकडे लिहिले. सगळे अठ्ठावीस.

मग शिकवणी. मिलकाबाय आधी संत्र्याला टोचायची. बाटली उलटी धरणं, दांडा ओढणं, ठोका, बोटानं टिचकी मारून बुडबुडा वर घालवणं, परत बाटलीत ढकलणं, परत ठोका. एझ्राभाऊ समोर बसून सूचना देत आणि ती उलट बोलत राही.

"हळू, बाय, हळू."

"तू मुंबईला सायकल शिकवलीस तेव्हापण हळू हळू म्हणालास आणि मला गटारात घातलंस."

तीन आठवडे तिनं त्यांच्यासमोर स्वतःला टोचलं. मग एका संध्याकाळी तिनं सांगितलं, उद्या तू आत यायचं नाहीस.

माझी त्याच महिन्यात बीरशेव्याला बदली झाली होती. मी निरोप घ्यायला म्हणून त्या पहाटे त्यांच्याबरोबर गेलो. दार आतून बंद होतं. एझ्राभाऊ पायरीवर उभे राहिले, सिनेगॉगमध्ये राहतात तसे. आत स्टोव्हचा आवाज आला, बंद झाला. भांड्यातून पिचकारी काढल्याचा किणकिणाट झाला. मग पावलं, चार, खाटेपर्यंत. मग काहीच नाही. एझ्राभाऊंचा उजवा हात कोटाच्या खिशात थरथरत होता, पण कोपर त्यांनी दाबून धरलं नव्हतं. मला वाटलं, आता ते दार ठोठावणार. त्यांनी ठोठावलं नाही.

"झालं," आतून आवाज आला. "जा आता. कामाला उशीर होईल. आणि संध्याकाळी येताना पाव आण, नेहमीचा. तो गोडसर नको."

एझ्राभाऊंनी घड्याळ पाहिलं. सहाला दहा कमी. "पाऊण तास मिळाला रोजचा," ते मला म्हणाले. "सशांना सकाळीच गोळी देता येईल." आणि मला हात करून उतारावरून इस्पितळाच्या रस्त्याला लागले, भरभर. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पुढच्या वर्षी ते गेल्याचं पत्र मिलकाबायनं शेजारणीच्या मुलाकडून लिहवून घेतलं. पत्रावर पत्ता त्याच दोन खोल्यांचा होता.

घड्याळजीनं पितळी कड्याचे, तीन फेऱ्या धरून, सहा लिरा सांगितले होते. एझ्राभाऊ द्यायला निघाले तेव्हा मिलकाबायनं ते त्यांना देऊ दिले नाहीत. शेजारणीचा हात धरून ती स्वतः याफा रस्त्यावर गेली, घासाघीस केली, आणि घड्याळजीला रोख साडेचार लिरा देऊन आली.